सुटी मिळत नाही

मागच्या डिसेंबरात सोलापूरला जाताना आमची एसटी एका तालुक्याच्या गावी पंक्चर झाली. टायर बदलेपर्यंत अर्धा तास सहज जाणार होता, म्हणून स्टँडसमोरच्या मेडिकलमध्ये बीपीच्या गोळ्या घ्यायला गेले. माझ्या पुढे एक म्हातारे बाबा उभे होते. धोतर, बंडी, वर शाळेतल्या पोराचा असावा तसा आखूड निळा स्वेटर. दोन्ही तळवे काउंटरच्या काचेवर टेकून, खांदे वर उचलून उभे होते. छातीचा आजार असलेली माणसं अशी उभी राहतात, हे मला लांबून ओळखू येतं. त्यांच्या हातात वहीचं फाडलेलं पान होतं, बहुधा नातवानं लिहून दिलेलं. "बिडी सुटायची गोळी असती म्हनं, चघळायची. हाय का?" दुकानदारानं खालच्या ड्रॉवरच्या तळातून एक पट्टी काढली, फुंकर मारून धूळ उडवली. "शंभर रुपये." "एकीचं?" "पाकिटाचे. दहा आहेत." बाबांनी पट्टी हातात घेऊन उलटसुलट केली, बोटानं एकेक गोळी दाबून पाहिली. "एकच द्या की. लागू पडती का बघतो." "सुटी मिळत नाही, बाबा." त्यांनी पट्टी काचेवर नीट ठेवली, चिठ्ठीची घडी करून बंडीच्या खिशात घातली आणि बाहेर पडले. मग माझी पाळी आली. मला पाचच गोळ्या हव्या होत्या. दुकानदारानं कात्री घेतली आणि पंधराची पट्टी कापून पाच गोळ्या माझ्या हातावर ठेवल्या.

मी काहीच बोलले नाही.

बाहेर आले तेव्हा बाबा शेजारच्या टपरीपाशी होते. त्या टपरीवर सगळं सुटं मिळत होतं. कॉलेजातला एक मुलगा एकच सिगारेट घेऊन दोरीला टांगलेल्या लायटरवर पेटवत होता. बाबांनी बंडल घेतलं, त्यातली एक बिडी काढून दोन बोटांत फिरवली, कानाजवळ नेऊन दाबून पाहिली. पान किती वाळलंय ते तसं कळतं. मग पेटवली आणि पहिल्याच झुरक्याला खोकल्याची उबळ आली. एसटी सुटली तरी तो खोकला माझ्या कानात राहिला. खरं सांगायचं तर तो त्यांचा एकट्याचा नव्हता.

आमचे अण्णा सोलापुरात यंत्रमागावर होते. चादरी, नंतर टॉवेल. पहाटे त्यांच्या खोकल्यानं घर जागं व्हायचं, गजराचं घड्याळ आमच्याकडे कधी लागलंच नाही. आधी कोरडा ठसका, मग लांब, खालून वर येणारी उबळ, मग मोरीत थुंकल्याचा आवाज, आणि मग शांतता. त्या शांततेत काडी ओढल्याचा चर्र आवाज यायचा. बिडीचा वास मला आजही घाण वाटत नाही. वाळलेल्या पानाला आग लागल्यासारखा, किंचित गोडसर, अण्णांच्या बनियनला सुताच्या लवीच्या वासात मिसळून चिकटलेला. ते कामावरून आले की मी त्यांच्या पोटाला मिठी मारून तो वास छातीत भरून घ्यायचे. मला कुणी विचारलं असतं तर बापाचा वास म्हणून मी तोच सांगितला असता.

शेजारच्या तेलुगू बायका बिड्या वळायच्या. सोलापुरातल्या कितीतरी गल्ल्यांत हे चित्र होतं, आजही आहे. मांडीवर सूप, सुपात तंबाखू, ओल्या गोणपाटात गुंडाळलेली तेंदूची पानं, पत्र्याच्या मापावर ठेवून कात्रीनं झरझर कापायची. चिमूटभर तंबाखू, अंगठ्याचा एक फेर, दोऱ्याचा वेढा. पंचवीसेक बिड्यांचा एक कट्टा. त्यांच्या बोटांच्या पेरांना कायमचा तपकिरी रंग चढलेला असायचा. कारखान्यात माल दाखवायला गेल्या की काही बिड्या छाटल्या जात, त्याचे पैसे मिळत नसत, आणि त्या दिवशी गल्लीत आवाज चढलेले ऐकू येत. त्या पैशांवर मुली शिकल्या, माझ्या वर्गातल्या दोघी शिक्षिका झाल्या. कुंभारीला बिडी कामगार बायकांसाठी दहा हजार घरांची वसाहत झाली. म्हणून बिडीला नुसत्या शिव्या घालणारं कुणी भेटलं की माझी जीभ अडखळते. एका अंगणात बिडी पोट भरत होती आणि भिंतीपलीकडे आमच्या घरात तीच माणूस पोखरत होती.

मागाच्या कारखान्यात काडी ओढायला सक्त मनाई. सगळीकडे सूत, हवेत लव, एक ठिणगी पडली की संपलं. म्हणून आठ-दहा तासांच्या पाळीत अण्णा बिडी ओढत नसत. ते तंबाखू खात. खिशात दोन तोंडांची पत्र्याची डबी, एकीकडे तंबाखू आणि दुसरीकडे चुना. डाव्या तळव्यावर चिमूट, नखानं चुना, उजव्या अंगठ्यानं मळायचं, दोनदा थाप मारून भुकटी उडवायची आणि खालच्या ओठाआड बार भरायचा. मी सातवीत असताना एकदा चोरून तसा बार भरून पाहिला होता. जीभ मिरचीसारखी चुरचुरली, मग डोकं गरगरलं, मोरीजवळ बसून ओकले. आईनं बदडलं. अण्णा काही बोलले नाहीत, पण त्या दिवशी डबी उंच फळीवर गेली. पाळी सुटली की कारखान्याच्या फाटकाबाहेर पहिली बिडी. म्हणजे आग चालत नाही तिथे चुना, आग चालते तिथे धूर. तलफ एकच, रस्ते दोन.

ही गोष्ट मी विसरूनही गेले असते. पण काही वर्षांपूर्वी एका लेखात स्वीडनमधल्या पाणबुड्यांची हकिगत वाचली आणि जागीच थांबले. १९६७ साली लुंड इथल्या क्लास लुंडग्रेन नावाच्या डॉक्टरांना दिसलं की पाणबुडीवरचे सिगारेट ओढणारे खलाशी पाण्याखाली, जिथे धूर करायला बंदी, तिथे तोंडात तंबाखू धरून निभावून नेतात. फुप्फुसात धूर गेला नाही तरी तलफ भागते. त्यांनी आपल्या ओळखीच्या ओवे फेर्नो या संशोधकाला पत्र लिहून ते कळवलं. फेर्नो हेल्सिंगबोर्गच्या एका औषध कंपनीत होते आणि स्वतः पक्के धूम्रपानी. त्यातून निकोटिनचं (तंबाखूतलं तलफ लावणारं द्रव्य ते हेच) च्युइंगम, म्हणजे बाबांनी मागितलेली ती चघळायची गोळी, जन्माला आलं आणि १९७८ साली स्वित्झर्लंडमध्ये बाजारात आलं. त्यात एक अडचण होती. निकोटिन तोंडातल्या नाजूक कातडीतून रक्तात जायला लाळ अल्कधर्मी लागते. म्हणून त्यांनी च्युइंगममध्ये सोड्यासारखा क्षार घातला. हे वाचताना माझ्या डोळ्यांपुढे अण्णांचं नख आलं, नखावरचा चुना आला. आमच्याकडे चुना तेच काम करतो. सोलापूरच्या मागावरच्या माणसाला जे हाताला माहीत होतं ते तिकडे कुणाच्या तरी नजरेस पडलं, कुणीतरी पत्र लिहिलं, कुणीतरी अकरा वर्षं त्याच्यामागे लागलं. आमच्या कारखान्याच्या फाटकावरही डॉक्टर यायचे. पण ते वर्षाकाठी एकदा, कागदावर सही करायला.

याचा अर्थ तंबाखू-चुना बरा, असा कुणी काढू नये. इथे मी हात जोडून सांगते. स्वीडनमधल्या पुरुषांत फुप्फुसाचा कर्करोग युरोपात सगळ्यांत कमी, कारण त्यांच्यातल्या पुष्कळांनी सिगारेट सोडून स्नूस नावाची ओली तंबाखू ओठाआड धरली, हे खरं आहे. पण ती तंबाखू वाफेवर तापवलेली, थंड जागी ठेवलेली, विषारी नायट्रोसॅमाइन मुद्दाम कमी राखलेली. आपली उन्हात वाळवलेली, आंबवलेली, वर चुना, आणि बऱ्याचदा सुपारी, जी तंबाखूशिवायसुद्धा कर्करोग करते. महाराष्ट्रात ओढणारे थोडे आणि खाणारे फार. २०१६-१७च्या पाहणीत शंभर प्रौढांमागे जेमतेम चार ओढणारे आणि चोवीस खाणारे निघाले. त्या चोवीसांतले किती परळच्या टाटा रुग्णालयाबाहेर गळ्यात नळी, गालाला पट्टी घेऊन फुटपाथवर बसलेले दिसतात, ते ज्यांनी पाहिलंय त्यांना वेगळं सांगायला नको. माझी आजी रोज सकाळी तव्यावर तंबाखू भाजून मिश्री करायची. अख्खा वाडा शिंकायचा. शेवटी तिला पाणीसुद्धा एका गालानं प्यावं लागत होतं. तेव्हा "धूर नाही म्हणजे धोका नाही" हे वाक्य आपल्याकडे चालत नाही. च्युइंगम वेगळं, कारण त्यात तंबाखूचं पान नाही, धूर नाही, सुपारी नाही, फक्त निकोटिन आहे, तेही मोजून.

लंडनचे मानसोपचारतज्ज्ञ मायकल रसेल यांनी १९७६ साली लिहून ठेवलं होतं की लोक निकोटिनसाठी ओढतात, पण मरतात धुरातल्या डांबरानं. अण्णांच्या बाबतीत ते अक्षरशः खरं होतं. बिडीचं पान सच्छिद्र नसतं, ती नीट जळत नाही, सारखी विझते. म्हणून जोरात आणि लवकर लवकर झुरके मारावे लागतात, आणि एवढ्याशा बिडीतून सिगारेटपेक्षा जास्त डांबर आणि कार्बन मोनॉक्साइड आत जातं. गरिबाची वस्तू म्हणून ती साधी, गावठी, जवळजवळ औषधी समजली जाते. २०१७ साली जीएसटी आला तेव्हा सिगारेटवर उपकर बसला, बिडीवर बसला नाही. दहा हजार घरांच्या पोटापाण्याचं कारण मला कळतं, मी त्याच गल्लीतली आहे. तरी ज्यांच्या छातीत तो धूर जातो तीही त्याच घरांतली माणसं आहेत.

अण्णांनी सोडायचा प्रयत्न केला नाही असं नाही. सात-आठ वेळा केला. एकदा आषाढीला पंढरपुरात चंद्रभागेत उभं राहून डबी आणि बंडल दोन्ही पाण्यात सोडलं. त्यानंतरचे अकरा दिवस आमच्या घरातले सगळ्यांत वाईट दिवस होते. अण्णा एरवी चढ्या आवाजात बोलायचे नाहीत. त्या अकरा दिवसांत त्यांनी ताट भिरकावलं, भावाच्या पाठीवर वळ उठवले, रात्रभर अंगणात येरझाऱ्या घातल्या. "डोकं ठणकतंय गं," असं आईला म्हणायचे. पोट साफ व्हायचं नाही, हात थरथरायचे, मागावर धागा जोडता यायचा नाही आणि मजुरी कापली जायची. बाराव्या दिवशी आईनं स्वतः मला पाच रुपये देऊन कोपऱ्यावर पाठवलं. "आण एक बंडल. असं बघवत नाही." मी आणून दिलं. ते पैसे, त्या दुकानाची पायरी, कागदाच्या वेष्टनाचा तो खरखरीत स्पर्श, सगळं लख्ख आठवतं. अण्णांनी बिडी पेटवली आणि डोळे मिटून घेतले, आणि आमच्या घराला पुन्हा आमचे अण्णा मिळाले. तेव्हा मला फार आनंद झाला होता.

ज्या आनंदाची नंतर लाज वाटते, तसा तो.

डॉक्टर प्रत्येक वेळी एकच शब्द सांगायचे, "सोडा." कसं सोडायचं ते कुणी सांगितलं नाही. सोडल्यावर जे होतं तो शरीराचा त्रास असतो, मनाचा कमकुवतपणा नसतो, हेही कुणी सांगितलं नाही. २००९च्या पावसाळ्यात अण्णा गेले. शेवटचे दोन महिने ते उशांच्या ढिगाला टेकून बसल्या बसल्या झोपायचे. फार नंतर कळलं की त्याच वर्षी जागतिक आरोग्य संघटनेनं निकोटिनचं च्युइंगम आणि अंगाला चिकटवायची पट्टी यांना अत्यावश्यक औषधांच्या यादीत जागा दिली. आपल्या देशाच्या यादीत ही औषधं २०२२ साली आली. यादीत आली, आणि त्या दुकानात खालच्या ड्रॉवरच्या तळाशी धूळ खात पडली.

माझा भाचा पुण्यात संगणकाच्या कंपनीत आहे. दिवसाला पंधरा सिगारेटी ओढायचा. त्यानं सोडली ती च्युइंगमवर. मोबाइलवर मागवायचा, दहा मिनिटांत दारात. रोज आठ-दहा चघळायचा, म्हणजे दिवसाला शंभर रुपये, तेही दोन-अडीच महिने, हळूहळू कमी करत. त्याला ते जड गेलं नाही, सिगारेटी त्याहून महाग होत्या. बिडी ओढणाऱ्याचं गणित उलटं आहे. त्याचं बंडल वीस-पंचवीस रुपयांत येतं. विष स्वस्त, उतारा चौपट. शिवाय ते च्युइंगम साध्या च्युइंगमसारखं चावायचं नसतं, हे भाच्याला इंग्रजी माहितीपत्रकातून कळलं. हळूहळू चावायचं, चुरचुर जाणवली की गाल आणि हिरडीच्या मध्ये दाबून ठेवायचं, चुरचुर गेली की पुन्हा चावायचं. आधी पंधरा मिनिटं चहा-कॉफी नको, तोंड आंबट झालं की निकोटिन आत जात नाही. भाचा हे समजावत होता आणि मला हुंदका आवरत नव्हता. बार भरणाऱ्या माणसाला यातलं काय शिकवावं लागलं असतं? गालात दाबून ठेवायचं तर अण्णांना जन्मभर येत होतं. फक्त चहाचं सांगायला हवं होतं. अशा औषधानं सोडणाऱ्यांचं यश साधारण दीडपट होतं, असं शंभराहून अधिक चाचण्या एकत्र तपासून ठरलेलं आहे. दीडपट म्हणजे काही जादू नाही. पण सात-आठ वेळा झगडलेल्या माणसाला त्यातल्या एका वेळी दीडपट बळ मिळालं असतं, एवढंच मी धरून बसते.

भाच्याच्या एका मित्रानं ई-सिगारेटवर जाऊन सिगारेट सोडली होती. २०१९ साली सरकारनं ती बनवणं, आणणं, विकणं सगळं बंद केलं, तेव्हा तो काही महिन्यांत पुन्हा सिगारेटवर आला. मी शाळेत शिकवते. बंदी आली तेव्हा मला बरं वाटलं होतं, हे लपवत नाही. बंदीनंतरही दोन वर्षांपूर्वी नववीच्या एका मुलाच्या कंपासपेटीत पेनासारखं काहीतरी सापडलं, उघडताच आंब्याचा वास आला. चौदा वर्षांच्या पोराच्या हातात आंब्याच्या वासाचं निकोटिन. माझे पाय थंड पडले. त्या क्षणी मला कुणी इंग्लंडचा दाखला दिला असता, की तिथे २०२३ साली दहा लाख धूम्रपान्यांना सरकारनंच ई-सिगारेट देऊ केली, तर मी भांडले असते. पण रात्री झोप येईना. ते पेनासारखं नळकांडं बेकायदा, आणि शाळेच्या फाटकापासून चालत पाच मिनिटांवर बिडीचं बंडल कायदेशीर. कमी जाळणारी वस्तू गुन्हा आणि सगळ्यांत जास्त जाळणारी वस्तू किराणा माल, ही मांडणी माझ्या मनाला पटत नाही. पोरांच्या हाती काहीच पडू नये आणि साठीतल्या बिडीवाल्याला मात्र वाट मिळावी, या दोन्ही गोष्टी मला एकदम हव्या आहेत. ई-सिगारेटीचं काय करावं ते माझं ठरत नाही. च्युइंगमबाबत मात्र मनात किंतु नाही. ते औषध आहे, देशाच्या यादीत आहे, आणि ते गोळ्या-इंजेक्शनांसारखं प्राथमिक आरोग्य केंद्रात फुकट, मराठीत समजावून, हातावर ठेवून मिळालं पाहिजे. बिडीच्या वेष्टनावर १८००-११-२३५६ हा फुकटचा दूरध्वनी क्रमांक छापलेला असतो, तिथे माणसं धीर देतात, ही चांगलीच गोष्ट आहे. पण रात्री दोन वाजता अंगणात येरझाऱ्या घालणाऱ्या माणसाला धीराबरोबर तोंडात धरायलाही काहीतरी लागतं.

परतीच्या वेळी मी मुद्दाम त्या गावी उतरले. दुकानदार तोच. मी ती पट्टी मागितली. त्यानं पुन्हा खालच्या ड्रॉवरमधून काढली, बहुधा तीच असावी. "त्या दिवशी एका बाबांना तुम्ही एक दिली नाही," मी म्हटलं. त्याला आठवत नव्हतं. माणूस वाईट नव्हता. म्हणाला, "ताई, ताप-डोकेदुखीच्या गोळ्यांना गिऱ्हाईक आहे, चार कापल्या तर उरलेल्या संध्याकाळपर्यंत जातात. ही कापली तर उरलेल्या नऊ कोण घेणार? वर्षात दोन पट्ट्या खपत नाहीत. मुदत संपून माझ्याच अंगावर पडतात." मी म्हटलं, "उरलेल्या नऊ मी घेतल्या असत्या." मग माझं मलाच कळलं की हे वाक्य मी त्या दिवशी म्हणायला हवं होतं. त्यानं शंभराची नोट गल्ल्यात टाकली आणि काही न बोलता पुढच्या गिऱ्हाइकाकडे वळला.

एसटीत खिडकीशी बसल्यावर मी एक गोळी तोंडात घातली. मला व्यसन नाही, ती घेण्याचं काही कारण नव्हतं, आणि कुणी घेऊही नये. पण अण्णांना काय मिळालं असतं ते मला एकदा जिभेवर हवं होतं. वरून पुदिना. चार-पाचदा चावल्यावर पुदिन्याखालून ती चुरचुर वर आली. मी गोळी गालात दाबली. घसा जळजळला, उचकी लागली, डोकं हलकंसं गरगरलं. सातवीतली मोरी आठवली, उंच फळीवरची डबी आठवली. तीच चव होती. फक्त खोकला नव्हता. गोळी कागदात थुंकून मी तो कागद मुठीत धरून ठेवला.

उरलेल्या नऊ माझ्या पर्समध्ये चष्म्याच्या घराशेजारी आहेत. त्यानंतर तीनदा त्या रस्त्यानं गेले. एसटी स्टँडात शिरली की मी टपरीकडच्या बाजूला सरकते आणि निळा आखूड स्वेटर दिसतो का ते बघते. आता उन्हाळा लागलाय, स्वेटर कुणाच्याच अंगात नसतो. म्हणून मी उचललेले खांदे शोधते. तसे बरेच जण दिसतात.